बोलीतील बातमी : ‘खबर लहरिया’ आणि स्थानिक वृत्तपत्राचा भाषाप्रश्न

स्थानिक वृत्तपत्रांच्या सुधारणेचा विचार बहुधा छपाई, वितरण, जाहिरात आणि तंत्रज्ञान यांच्या परिघात होतो. बातमी कोणत्या भाषेत लिहिली जाते आणि त्या भाषेत कोणाचा दृष्टिकोन आधीच गृहीत धरलेला असतो, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ या बुंदेली नियतकालिकाने तो प्रत्यक्ष व्यवहारातून मांडला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्याची दखल घ्यावी लागते ती याच कारणाने.

या प्रयोगाची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी दैनिकांनी जिल्हावार आवृत्त्यांचा मोठा विस्तार केला. सेवंती निनान यांनी ‘हेडलाइन्स फ्रॉम द हार्टलँड’ (२००७) या ग्रंथात त्याचा तपशीलवार परामर्श घेतला आहे. गावोगावचा वार्ताहर या विस्ताराचा कणा होता. परंतु तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या वार्ताहराकडे अनेकदा जाहिराती मिळवण्याचेही काम असे. ज्या कंत्राटदाराच्या रस्त्याविषयी लिहायचे, त्याच्याचकडे दिवाळी अंकाची किंवा वाढदिवसाची जाहिरात मागायची, ही कोंडी मराठी जिल्हापत्रांनाही अपरिचित नाही.

भाषेच्या पातळीवर या कोंडीचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. ‘सदर इसम’, ‘अज्ञात कारणावरून’, ‘पुढील तपास सुरू आहे’ ही शब्दकळा पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतून बातमीत आलेली असते. तिच्याबरोबर ठाण्याची नजरही येते. घटना ठाण्यात पोहोचते त्या क्षणी बातमी सुरू होते. त्यापूर्वीचे सारे गळून पडते.

‘खबर लहरिया’ची उभारणी ‘निरंतर’ या दिल्लीस्थित संस्थेच्या साहाय्याने झाली. त्याआधी याच परिसरात ‘महिला डाकिया’ हे नवसाक्षर स्त्रियांचे पत्र निघत असे. वार्तांकन, संपादन आणि विक्री ही सर्व कामे दलित, आदिवासी, मुस्लिम व मागासवर्गीय समाजांतील ग्रामीण स्त्रिया करीत. त्यांपैकी कित्येकींचे औपचारिक शिक्षण अल्प होते. बिघडलेला हातपंप, रेशन दुकान, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे त्यांचे विषय. अंक लिहिणारीच तो गावात विकावयास नेत असल्यामुळे चुकीच्या बातमीचा जाब तिला समोरासमोर द्यावा लागे. वार्ताहराच्या सुधारणेचा याहून परिणामकारक उपाय सुचवणे कठीण आहे.

बुंदेलीला काव्यपरंपरेची वाण नव्हती. आल्हागायन आणि ईसुरीचे फाग आजही त्या प्रदेशात गायिले जातात. उणीव होती ती सार्वजनिक व्यवहाराच्या गद्याची. ग्रामसभेचा ठराव, प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार, बलात्काराची फिर्याद हे विषय बुंदेलीत बोलले जात, पण छापले जात ते हिंदीत. मराठीशी तुलना केल्यास एक लक्षणीय साम्य आढळते. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने आणि उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने बोलीला ललित साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. बातमीने मात्र तिला विनोदी सदराच्या चौकटीपलीकडे फारसे येऊ दिले नाही. बोली भावनेची आणि प्रमाणभाषा वस्तुस्थितीची, अशी ही न बोललेली वाटणी आहे. ‘खबर लहरिया’ने ती नाकारली. पुढे अवधी, भोजपुरी, बज्जिका या भाषांतही आवृत्त्या निघाल्या आणि २००९ मध्ये या उपक्रमासाठी युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला.

२०१५-१६ च्या सुमारास मुद्रित अंक थांबून हे पत्र पूर्णतः डिजिटल झाले. भ्रमणध्वनीवरील दृश्यफितींनी वाचता न येणाऱ्यांपर्यंत बातमी पोहोचवली, हा लाभ निर्विवाद आहे. फितीत गावकऱ्यांची बोली तिच्या मूळ स्वरासह ऐकू येते. संकेतस्थळावरील लेखी मजकुरात मात्र हिंदीचे प्राबल्य दिसते. बोली पुन्हा मौखिकतेकडे वळली आणि घडू लागलेले गद्य मागे पडले, असे हे स्थित्यंतर आहे. तंत्रज्ञानाच्या स्वीकाराला सरसकट प्रगती म्हणणाऱ्यांनी हा व्यय हिशेबात धरलेला नाही.

या पत्रकार स्त्रियांवरील ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करसाठी नामांकित झाला. त्याच वर्षी या स्त्रियांनी जाहीर निवेदन काढून, एकाच राजकीय पक्षाच्या वार्तांकनावर भर दिल्याने आपल्या कामाचे चित्र अपुरे उमटले, असा आक्षेप नोंदवला. जगभर कौतुक होत असताना घेतलेला हा आक्षेप त्यांच्या वार्तांकनाच्याच शिस्तीतला होता : ज्याच्याविषयी लिहिले जाते, त्याला मजकूर तपासण्याचा अधिकार असतो, हे त्या गावच्या वाचकांकडून शिकल्या होत्या.