हद्दपार कैदी जेम्स रूस व त्याची शेती

इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्याचा जेम्स रूस घरफोडीच्या गुन्ह्यांत सांपडला. १७८२ सालीं झालेली फांशीची शिक्षा सात वर्षांच्या हद्दपारीवर आली, व १७८८ मध्यें कैद्यांच्या पहिल्या ताफ्याबरोबर तो ऑस्ट्रेलियास पोंचला. तेथील वसाहतीची सारी मदार विलायतेच्या शिध्यावर, व तो शिधा आटत चाललेला. एक माणूस स्वकष्टानें पोट भरूं शकतो कीं काय, हें पाहण्यासाठीं गव्हर्नर फिलिप यांनीं नोव्हेंबर १७८९ मध्यें पॅरामाटा येथें रूस यास दीड एकर साफ केलेली जमीन, झोंपडी, अवजारें व बियाणें दिलें.

आतां त्याची मशागत पाहावी. शेणखत मुळींच नव्हतें. त्यानें झाडें जाळून राख जमिनींत खणून मिसळली. पुढें कुदळीनें दिवसास आठ-नऊ चौरस रॉड, म्हणजे आपले सुमारें दोन गुंठेच, तो खणी. सरकारी शेतावरील वरवरची खरवड त्यास मान्य नव्हती. गवत उलथून जमीन उन्हावाऱ्यास उघडी ठेवी, व पेरणीपूर्वीं पुन्हां पालथी घाली. पेंढा खड्ड्यांत पुरून कुजविण्याचाही त्याचा बेत होता.

फेब्रुवारी १७९१ मध्यें आपणांस सरकारी शिधा नको, असें त्यानें कळविलें. त्यानंतरच ३० एकरांची सनद मिळाली. त्या वसाहतींतील ती पहिली. आम्हां दप्तरी माणसांस आधीं कागद व मग नांगर हीच रीत ठाऊक! १७९३ मध्यें मात्र त्यानें ती जमीन ४० पौंडांस जॉन हॅरिस या शस्त्रवैद्यास विकली, व हॉक्सबरी नदीकाठीं नवी जमीन धरली. १८३७ मध्यें तो वारला. पहिलें धान्य आपण पेरलें, हें त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलें आहे.