तात्या विंचू दुसऱ्यांदा का घाबरवत नाही?

आंबेगाव तालुक्यात, घाटमाथ्याच्या कडेला वसलेल्या आहुप्याची देवराई राखली गेली ती भैरवनाथाच्या धाकाने. तिथली फांदी तोडली तर नेमकं काय होईल हे कुणी पाहिलेलं नाही, म्हणूनच तो धाक पिढ्यान्‌पिढ्या पुरला. पडद्यावरच्या भुताखेतांचंही असंच असतं. ‘झपाटलेला 2’ पहिल्या भागापुढे फिका पडतो तो इथेच.

महेश कोठारे यांनी 1993 मध्ये पहिल्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात घातला. कल्पना 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, मग मूळ म्हणून तिचं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. पण ती इथे रुजली बोलक्या बाहुल्यांच्या खेळामुळे. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या शब्दभ्रमकार. शब्दभ्रमकाराच्या मांडीवरचा बाहुला जबडा हलवू लागला की बोलणारा कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे तात्या खरोखर बोलू लागतो तेव्हा लक्ष्याचीच पंचाईत होते. करणी बाहुल्याची आणि संशय माणसावर! हसू आणि भीती एकाच गाठीतून निघतात, आणि ही गाठ ‘चाइल्ड्स प्ले’त नाही.

2013 चा दुसरा भाग थ्रीडीत आला. लक्ष्याचा मुलगा झालेले आदिनाथ कोठारे पुन्हा शब्दभ्रमकारच, पण बाहुला जिवंत आहे हे आता सगळ्या प्रेक्षागृहाला ठाऊक. मग उरतं ते त्याला प्रेक्षकांच्या अंगावर धाडणं. पोरांना मजा आली असेल, नाही कशाला म्हणा; पण दचकणं वेगळं आणि धास्तावणं वेगळं. बेर्डे 2004 मध्येच गेले, त्याचा दोष सीक्वलला कसा द्यायचा, हा आक्षेप रास्त आहे. मात्र उणीव नुसत्या नटाची नाही, त्या गाठीची आहे. गुपित एकदा फुटलं की दुसरा भाग पडायचाच, हेही पटत नाही. 1979 च्या ‘एलियन’मध्ये अंतराळयानात एकच श्वापद दबा धरून होतं; 1986 च्या ‘एलियन्स’मध्ये जेम्स कॅमेरॉनने त्यांची झुंड आणली आणि भयपटाचा युद्धपट केला. कोठाऱ्यांनी तंत्र बदललं, पेच जुनाच ठेवला. प्रभावळकरांचा आवाज तेवढा वीस वर्षांनंतरही तितकाच खुनशी आहे. थ्रीडीचा चष्मा काढून नुसता ऐकला तरी चालेल.