उघाडीच्या आतले गाव

अंजूरफाटा माहीत नाही असा ट्रकवाला मुंबईच्या आसपास भेटायचा नाही. वसईकडून कामणमार्गे येणारा रस्ता, ठाण्याहून कशेळी-काल्हेरवरून येणारा रस्ता आणि भिवंडी शहर यांची गाठ इथे पडते. जवळच भिवंडी रोड रेल्वे स्थानक आहे. मेट्रो मार्ग ५ वरही अंजूरफाटा नावाचे स्थानक ठरले आहे. पण फाटा म्हणजे गाव नव्हे. ज्याच्यामुळे फाट्याला नाव मिळाले ते अंजूर इथून काही किलोमीटर दक्षिणेला, माणकोलीच्या बाजूला, उल्हासच्या खाडीपट्ट्यात आहे. फाट्यावर रोज हजारो माणसे गावाचे नाव घेतात. गावात पाऊल टाकणारी त्यांतली मूठभर.

अंजूरची ओळख इतिहासाच्या वाचकाला असते ती नाईकांच्या वाड्यामुळे. जुन्या कागदांत हे नाव बहुधा ‘अणजूर’ असे येते आणि घराणे ‘अणजूरकर नाईक’ म्हणून. त्या वाड्याकडे आपण येऊच. पण आधी पायाखालची जमीन पाहू, कारण या गावाचा सर्वांत जुना दस्तऐवज तीच आहे.

माणसाने केलेली जमीन

राजमाचीच्या डोंगरांत निघालेली उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याच्या ईशान्येला येते आणि तिथे दुभंगते. मोठा प्रवाह वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो, दुसरा फाटा ठाण्याच्या खाडीत उतरतो. या पाण्याने वेढलेले बेट म्हणजे साष्टी. अंजूर, आलिमघर, भरोडी, केवणी, सारंग, सुरई ही गावे बेटाच्या बाहेरची, भिवंडीच्या अंगाची. इथले पाणी नदीचे म्हणावे तर खारट, समुद्राचे म्हणावे तर पावसाळ्यात गढूळ आणि गोडे. दिवसातून दोनदा ते चढते, दोनदा उतरते. अमावास्या-पुनवेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग पडतो, म्हणजे पाण्याचा जोर ओसरतो. खाडीकाठच्या माणसाला घड्याळाआधी हे पंचांग कळते.

असल्या काठावर मुळात शेत नसते. तिवरांची झाडी असते आणि भरतीला बुडणारा चिखल असतो. त्याला आपण खाजण म्हणतो. या खाजणाला बाहेरून बांध घालून समुद्र थोपवला की आतल्या जमिनीची ‘खार’ होते. बांध चिखलमातीचा, लाटेच्या बाजूने दगड रचून पक्का केलेला. त्यात ठरावीक जागी उघाडी बसवायची.

उघाडी जवळून पाहावी अशी गोष्ट आहे. बांधाच्या पोटातून पाण्याला केलेली ही वाट आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर टांगलेली लाकडी झडप. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी झडपेला आत रेटते आणि वाट आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आत साचलेल्या पावसाच्या पाण्याचा दाब वरचढ ठरतो, झडप बाहेर ढकलली जाते आणि पाणी खाडीत धावते. ना इंजिन, ना वीज. चंद्राच्या ओढीवर चालणारा हा दरवाजा. झडपेत एखादी काटकी अडकली तर भरतीचे पाणी रात्रीत शेतात शिरते, म्हणून तिच्यावर कोणाला तरी लक्ष ठेवावे लागते.

खारीतली भातशेती गोड्या जमिनीतल्या भातशेतीपेक्षा वेगळी. डोंगराकडचा शेतकरी राब भाजतो, रोप करतो, मग लावणी. खारीत पहिल्या पावसाची घाई करून चालत नाही. पहिले काही पाऊस मीठ धुवून काढण्यासाठी. ते खारट पाणी ओहोटीला उघाडीतून सोडायचे, पुन्हा पाऊस साचू द्यायचा, पुन्हा सोडायचे. जमीन निवळली की मोड आणलेले बी चिखलात फेकायचे. त्याला रहू म्हणतात. खारेपणा सोसणारी लाल तांदळाची जुनी वाणे या भागात होती, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ ही वाणे दिली. बांधाच्या बाहेर निवटी, चिंबोरी, कोलंबी आणि नशीब असेल तर जिताडा. बांधाच्या आत भात. आगरी आणि कोळी घरांचे ताट या दोन बाजूंनी भरायचे.

बांध कोणाचा?

या शेतीचा खरा प्रश्न बी-बियाण्याचा कधीच नव्हता, बांध कोणी राखायचा हा होता. खेकडा बांधात बीळ करतो, उंदीर ते मोठे करतो आणि आषाढातल्या उधाणाला तिथेच खांड, म्हणजे भगदाड, पडते. एका माणसाच्या वाफ्यासमोर बांध फुटला तरी खारे पाणी सगळ्यांच्या शेतात फिरते आणि जमीन पुढचे काही हंगाम नापीक होते. खारीत ‘माझे शेत’ असे काही नसतेच. असते ते ‘आमचा बांध’.

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत यासाठी शिलोत्रीची पद्धत होती. १८८२ साली निघालेल्या ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये खार जमिनींच्या या वहिवाटी नोंदल्या आहेत. ज्याने भांडवल घालून खाजण बांधून काढले तो शिलोत्री. बाहेरचा मोठा बांध त्याने राखायचा, आतले बांध कुळांनी राखायचे आणि बांधाच्या राखणीपोटी कुळांनी शिलोत्र्याला धान्य द्यायचे. ही व्यवस्था न्यायाची नव्हती. कुळाच्या पदरात फार थोडे पडे आणि खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध मोठे लढे दिले. पण बांध पडला तर कोणाच्या दारात जायचे, हे निदान सगळ्यांना ठाऊक होते.

१९४८ साली दोन कायदे आले. मुंबई कुळवहिवाट कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या हाती देण्याचा मार्ग मोकळा केला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कुळे मालक ठरली. त्याच १९४८ च्या खार जमीन कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे नेण्याची सुरुवात केली. पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला. जमीन कुळाला मिळाली हे योग्यच झाले. पण शिलोत्री गेला आणि त्याच्या जागी जे आले ते अंदाजपत्रक आणि निविदा. खांड आषाढात पडते, मंजुरी फाल्गुनात येते. मधल्या काळात मीठ आपले काम उरकते.

वाड्यातले खाडीचे ज्ञान

आता नाईकांचा वाडा. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि साष्टी त्यांच्या अमलाखाली गेली. दोनशे वर्षांनी तिथल्या हिंदू रयतेची धर्मछळाची गाऱ्हाणी पुण्यापर्यंत नेणाऱ्यांत गंगाजी नाईक अणजूरकर आणि त्यांचे बंधू पुढे होते. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे हेही याच खटपटीतले. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी मोहिमेला संमती दिली, चिमाजी अप्पांनी ती चालवली. १७३७ साली ठाणे पडले आणि साष्टी मराठ्यांकडे आली. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला शरण आला. ‘साष्टीची बखर’ या घटनांचा पट नाईकांच्या बाजूने सांगते, आणि य. न. केळकरांनी ‘वसईची मोहीम’ या पुस्तकात त्याची चिकित्सा केली आहे.

वाड्यात सिद्धिविनायक आहे. गंगाजी नाईक चिंचवडच्या देवांचे भक्त होते आणि ही मूर्ती तिथूनच आली, अशी घराण्याची परंपरा. गणेशोत्सवात लांबून माणसे दर्शनाला येतात. गावाचा अभिमान या वाड्याभोवती आहे, आणि तो असायलाच हवा.

पण मला त्या मोहिमेतली एक गोष्ट वाड्यापेक्षा खाडीकडे नेणारी वाटते. ठाण्याच्या नव्या कोटाचे काम १७३७ साली अजून पुरे झाले नव्हते. घाटावरच्या फौजेला त्याच्यावर चालून जायचे तर घोडदळाचा उपयोग नव्हता. पाणी कुठे उतरते, चिखल कुठे पाय धरतो, ओहोटी किती घटका टिकते, होडी कोणत्या तोंडाला लावायची, हे पुण्याच्या सरदाराला ठाऊक असणे शक्य नव्हते. ते ठाऊक होते खाडीकाठच्या माणसाला. नाईकांनी पेशव्यांना देवाधर्माची तक्रार दिली हे आपण वाचतो. त्यांनी खाडीचे ज्ञानही दिले असणार, आणि ते ज्ञान ज्यांच्या हातात होते त्या आगरी-कोळ्यांची नावे बखरीत मावली नाहीत. मराठ्यांची साष्टी पुढे ३७ वर्षे टिकली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने बेट त्यांच्याकडेच राहिले.

एक इंग्रजी खेडे

इंग्रजांचे नाव निघालेच आहे, तर सामाईक बांधाच्या प्रश्नाशी जुळणारे त्यांच्याच एका खेड्याचे उदाहरण. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावात मध्ययुगातली खुली शेती अजून चालते. तीन मोठी शेते, त्यांत प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या, मध्ये कुंपण नाही. दर हिवाळ्याच्या तोंडाला गावातल्या शेतकऱ्यांचे पंच शेताची पाहणी करतात, कोणी वाटेवर नांगर घातला असेल तर गावच्या न्यायसभेपुढे त्याला दंड होतो. इंग्लंडच्या बाकी बहुतेक गावांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुंपणे घातली गेली आणि अशी सामाईक शेती मोडली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५५ साली इंग्रजी भूदृश्यावर पुस्तक लिहून दाखवून दिले की वाट, कुंपण, चर, बांध हेसुद्धा इतिहासाचे कागदच आहेत. 

लॅक्स्टनला लोक लांबून पाहायला जातात. खारीचा बांध तितकाच सामाईक आणि कसरतीचा आहे, शिवाय त्याला रोज दोनदा समुद्राशी झुंजावे लागते. तो पाहायला कोणी येत नाही.

भरावाचे युग

माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर. या नावांना आज ‘गाळे’ आणि ‘गोदाम’ हेच शब्द चिकटले आहेत. कारण साधे होते, जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे, म्हणून व्यापाऱ्याने माल हद्दीबाहेर, महामार्गाला लागून साठवला आणि लागेल तसा आत नेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामे जातील असे काहींना वाटले होते, झाले उलटे. राज्याराज्यांत छोटी कोठारे ठेवण्याची गरज संपली आणि एकाच जागी अवाढव्य गोदाम बांधणे परवडू लागले. ऑनलाइन खरेदीने त्यात भर घातली. आज मुंबईत कोणी मोबाइलवर बोट दाबून मागवलेली वस्तू अनेकदा याच पट्ट्यातून निघते.

शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. एका गाळ्याचे भाडे वर्षभराच्या भाताला केव्हाच मागे टाकते. पोरांना कामे मिळाली, घरे पक्की झाली. लग्नात धवले गाणारी धवलारीण आजही बोलावली जाते, पण मांडव आता गोदामाच्या आवारात पडतो.

अडचण भरावाची आहे. गोदामाला उंच जोते लागते. मुरूम, डबर, इमारतींचा राडारोडा टाकून खारीचा तुकडा पुरुषभर उंचावतात. मधला चर बुजतो, उघाडीकडे जाणारी वाट मिटते. मग ज्याने भराव टाकला नाही त्याच्या शेतात आणि गावातल्या सखल घरांत पाणी साचते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हासने बदलापूर-कल्याणपासून खाली काय केले ते या पट्ट्याने पाहिले आहे. पूर्वी बांध फुटला की सगळे बुडायचे, म्हणून सगळे धावायचे. आता उंचावर बसलेला बुडत नाही, म्हणून तो धावत नाही. ‘आमचा बांध’ संपतो तो इथे.

तिवरांना निदान कायद्याचा आधार आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीवर कायमची बंदी घातली. बांधाच्या आतल्या खारीला आणि उघाडीला असे कोणी वाली नाही. ती ना जंगल, ना वारसा, ना पुरेशी ‘सुपीक’.

आता आगगाडी

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा. तिच्या गाड्यांच्या देखभालीसाठी तीन आगार ठरले: साबरमती, सुरत आणि ठाणे. यातले ठाण्याचे आगार ठाणे शहरात नाही, ते भिवंडी तालुक्यात, अंजूर आणि भरोडीच्या जमिनीवर आहे. म्हणजे नावाची अदलाबदल पुन्हा तीच. फाट्याने अंजूरचे नाव घेतले आणि गाव विसरले. आगाराने अंजूरची जमीन घेतली आणि नाव ठाण्याचे लावले.

गाव बदलू नये असे म्हणणारा मी कोण? बांध घालून खाजणाचे शेत करणाऱ्यांनीही आपल्या काळात भूदृश्य बदललेच होते. मागणे एवढेच आहे की, जे बुजते आहे त्याची नोंद व्हावी. प्रत्येक खारीला नाव असते, प्रत्येक उघाडीला जागा असते, खांड कुठल्या साली पडली आणि कोणी भरली हे सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत. ग्रामपंचायतीला, शाळेला, जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास आणि भूगोल विभागांना दोन पावसाळ्यांत हे काम उरकता येईल. लागेल ते एक गावनकाशा, एक वही आणि ओहोटीच्या वेळी बांधावरून चालायची तयारी. नाईकांच्या पराक्रमाला बखर मिळाली. बांध राखणाऱ्यांना निदान एक वही मिळावी.