बी.पी.ची गाठ आणि ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस



मी डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन बँकेत जन्म गेला. तरी या विषयावर लिहितोय, कारण तो आमच्या घरात येऊन गेला.

माझा भाचा बल्लारपूरला असतो. पस्तिशीच्या आतच त्याला बी.पी.च्या तीन गोळ्या चालू होत्या, आणि तरी मधूनच बी.पी. दोनशेच्या वर जाई. डोकं ठणके, छाती धडधडे, अंग घामाने निथळे, चेहरा पांढराफटक पडे. अर्ध्या तासात सगळं ओसरे. आपल्या या कोळशाच्या पट्ट्यात मे महिन्यात घामाचं कोणाला काय वाटणार! डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेतोस. बँकेत ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो, तसंच हे टेन्शन. पुढे पित्ताशयातल्या खड्यांसाठी त्याला टेबलावर घेतलं आणि भूल देताच बी.पी. असं उसळलं की भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन तिथेच थांबवलं. ते थांबले म्हणून पोरगा हाती लागला.

नंतरच्या तपासणीत उजव्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ निघाली. या ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. त्यांच्या गाभ्यात अॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं तयार होतात. कुत्रा अंगावर आला की छाती धडधडते ती त्यांच्यामुळे. गाभ्यात गाठ झाली तर कुत्रा नसतानाही ही संप्रेरकं रक्तात सुटतात. या गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. तशीच गाठ ग्रंथीबाहेर, मणक्याच्या कडेच्या मज्जातंतूंच्या साखळीवर किंवा क्वचित मूत्राशयातही होते, ती पॅरागँग्लिओमा. मूत्राशयातली असेल तर लघवी करताना बी.पी. चढतं. ग्रंथीच्या बाहेरच्या थरातल्या गाठी वेगळ्या, त्यांची संप्रेरकंही वेगळी. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.

निदानासाठी रक्तातलं किंवा चोवीस तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन मोजतात आणि मग सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. संशय असेल तर हे कळण्याआधी गाठीत सुई घालून तुकडा काढू देऊ नये, त्यानेही बी.पी.चा भडका उडू शकतो.

गाठ सापडल्यावर आम्हा सगळ्यांचा एकच धोशा होता, उद्याच्या उद्या काढून टाका. शल्यचिकित्सक म्हणाले, पंधरा दिवस थांबा. माझी ताई त्यांच्यावर चिडलीच. पण कारण ऐकल्यावर आम्ही गप्प झालो. या रुग्णाच्या रक्तवाहिन्या महिनोन् महिने आवळलेल्या असतात आणि रक्ताचं एकूण प्रमाणही घटलेलं असतं. तशाच अवस्थेत गाठीला हात लागला तर बी.पी. आभाळाला भिडतं, आणि गाठ निघताक्षणी वाहिन्या सैल पडून ते एकदम कोसळतं. म्हणून आधी दहा ते चौदा दिवस अल्फा ब्लॉकर गोळ्या (प्राझोसिन किंवा फिनॉक्सिबेन्झामाइन) हळूहळू वाढवत देतात, आणि जोडीला भरपूर पाणी आणि मीठ. बी.पी.वाल्याला मीठ खा म्हणतात हे ऐकून ताईला डॉक्टर चुकतायत असंच वाटलं! नाक चोंदणं, उभं राहताना गरगरणं ही औषध लागू पडल्याची खूण. धडधड थांबवणारा बीटा ब्लॉकर त्यानंतर काही दिवसांनीच. तो आधी एकटा दिला तर वाहिन्या आणखी आवळून जीवावर बेतू शकतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. गाठ फार मोठी किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर पोट उघडावं लागतं. गाठ दाबायची नाही आणि ग्रंथीची मुख्य शीर बांधायची, ही मेख. शीर बांधली की भूलतज्ज्ञांची दुसरी परीक्षा सुरू होते, कारण बी.पी. खाली येतं. पुढचा दिवसभर साखरही घसरू शकते, म्हणून अतिदक्षता विभागात ठेवतात.

१९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी यशस्वीपणे काढल्या. मेयोंना पोट उघडेपर्यंत आत काय आहे याची कल्पना नव्हती, आणि हाती लागली ती मज्जातंतूंजवळची गाठ. अल्फा ब्लॉकर तेव्हा नव्हते. त्या काळात असे बरेच रुग्ण टेबलावरच जात. आता अनुभवी हातांत शंभरात दोन-तीनहून कमी. योगायोग असा की मुंबईचं के.ई.एम. रुग्णालयही १९२६ सालीच सुरू झालं, आणि त्याच्या अंतःस्रावी ग्रंथी विभागाने पुढे या गाठींवर मोठं काम केलं. आपल्याला जवळ हैदराबादचं निम्स, तिथेही हा विभाग आहे. गाडी बेल्लमपल्लीहूनच मिळते, पण जाण्याआधी चौकशी एकच करा: शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि ग्रंथींचे डॉक्टर अशा केसेस मिळून करतात का?

सगळ्याच बी.पी.वाल्यांनी घाबरून तपासणीला धावू नये, ही गाठ फार दुर्मीळ आहे. पण वय कमी, तीन गोळ्यांना न जुमानणारं बी.पी., झटक्याने येणारी डोकेदुखी-घाम-धडधड, किंवा भूल देताना आधी कधी बिघडलेलं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. झटका आला की वही काढून वेळ आणि बी.पी. लिहून ठेवा. भाच्याच्या दहा पानी वहीने निम्मं काम केलं.

सुमारे तिघांपैकी एकाला हा दोष जनुकांतून आलेला असतो, म्हणून त्याचीही चाचणी झाली. दोष निघाला नाही, मुलींची काळजी मिटली. त्याचं बी.पी. आता एकशेवीसच्या आसपास असतं, गोळ्या बंद आहेत. गाठ पुन्हा उद्भवू शकते, तेव्हा मेटानेफ्रिनची तपासणी दरवर्षी, जन्मभर. यंदाची दिवाळीनंतर आहे. तारीख मीच माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे, त्याचा भरवसा नाही.