‘शो कॉज’ म्हणजे ‘कॅन्सल’ नव्हे

सरकारी कागद दुकानात आला की आपल्यातल्या पुष्कळ व्यापाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘यात काय लिहिले आहे?’ हा नसतो. ‘आता किती भरावे लागतील?’ हा असतो. कापड नुसते हाताला लागले की त्याचा भाव सांगणारे आम्ही, पण इंग्रजी कागदापुढे गप्प बसतो. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीचे हे जुने दुखणे आहे आणि त्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे.

२०२४ साली आम्ही दुकान शेजारच्या गल्लीत हलवले. जीएसटीच्या नोंदीतला पत्ता बदलायचा मात्र राहून गेला. असा बदल १५ दिवसांत कळवावा लागतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. तपासणीला आलेल्यांना जुन्या जागी कुलूप दिसले आणि काही दिवसांनी नोटीस आली. मुलाने मोबाईलवर उघडून दाखवली. त्यात ‘कॅन्सलेशन’ हा शब्द होता. आम्ही तेवढाच वाचला आणि नंबर गेला असे धरून चाललो. नवा नंबर काढून देणारा माणूस शोधण्यात आठवडा घालवला.

खरे म्हणजे त्या शब्दाच्या आधी ‘शो कॉज’ असे दोन शब्द होते. शो कॉज म्हणजे कारणे दाखवा. नंबर रद्द झालेला नव्हता. तो रद्द का करू नये, हे आम्हाला विचारले होते. उत्तराला कामाचे सात दिवस होते. भाडेकरार आणि वीजबिल जोडून चार ओळी लिहिल्या असत्या तर बहुधा तिथेच भागले असते. उत्तर गेले नाही, म्हणून पुढे खरोखरच रद्द केल्याचा हुकूम निघाला. मग ‘रिव्होकेशन’चा, म्हणजे तो हुकूम मागे घेण्याचा अर्ज केला. त्याला हुकूम मिळाल्यापासून ९० दिवसांची मुदत असते. नंबर परत मिळाला, पण तोपर्यंत लग्नसराई संपली होती. पक्के बिल देता येत नव्हते, म्हणून जुनी गिऱ्हाइके दुसऱ्या पेढीवर गेली. त्यातली काही अजून परतलेली नाहीत.

तेव्हापासून गल्ल्याजवळ एक वही ठेवली आहे. कागदावरचा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे आपल्या भाषेतला अर्थ, असे तिचे दोन रकाने आहेत. त्यातले काही शब्द व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी इथे देत आहोत.

‘सस्पेंड’ आणि ‘कॅन्सल’ : सस्पेंड म्हणजे तात्पुरते थांबवणे, कॅन्सल म्हणजे रद्द करणे. वरची नोटीस निघाली की नंबर सस्पेंड होतो. त्या काळात कर लावून विक्री करता येत नाही, पण नोंद मेलेली नसते.

‘डिटेन’ आणि ‘कॉन्फिस्केट’ : कागदात खोट निघाली आणि वाटेत गाडी अडवली तर ते डिटेन्शन, म्हणजे माल अडकवून ठेवणे. जीएसटी कायद्याचे कलम १२९ त्याचे आहे. दंड भरून किंवा तारण देऊन माल सुटतो. कॉन्फिस्केशन कलम १३० खाली येते आणि त्यात मालाची मालकीच सरकारकडे जाते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून ड्रायव्हरच्या हाती दिलेल्या कागदावर कोणते कलम आहे ते आधी पाहावे.

‘रजिस्ट्रेशन’ आणि ‘लायसन्स’ : पहिली नोंद, दुसरा परवाना. २०२० पासून सुरू झालेले ‘उद्यम’ हे रजिस्ट्रेशन आहे. त्याने तुमचा धंदा लहान की मध्यम याची नोंद होते, पण ज्या कामाला वेगळा परवाना लागतो तो काही त्यात मिळत नाही. आमच्या ओळखीच्या एका कारागिराने उद्यमचा कागद चौकटीत लावला आणि सगळ्या परवानग्या झाल्या असे समजून तो निश्चिंत बसला.

‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’ : ही नुसती पोच आहे. अर्ज पोहोचला, एवढाच तिचा अर्थ. मंजुरी वेगळी.

‘सँक्शन’ : हा शब्द दुतोंडी आहे. बँकेचे सँक्शन लेटर म्हणजे कर्जाला मंजुरी; पैसे हातात पडतात ते ‘डिस्बर्समेंट’ झाल्यावर. त्यामुळे सँक्शनच्या भरवशावर सुताचा सौदा करू नये. एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लागले, असे बातमीत आले तर तिथे अर्थ उलटा, म्हणजे निर्बंध. निर्यातीचा माल भरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

‘शॅल’ आणि ‘मे’ : शॅल असेल तर साधारणपणे ते करावेच लागते, मे असेल तर करता येते. शब्द लहान आहेत, पण बहुतेक वाद त्यांच्यावरच होतात.

‘समन्स’ : हे बोलावणे आहे. दिलेल्या तारखेला हजर राहावे. अडचण असेल तर आधी लेखी कळवून दुसरी तारीख मागावी. समन्स आले म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे नव्हे.

जीएसटी कायद्यातच लिहिले आहे की म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय नोंदणी रद्द करता येत नाही. ही संधी आपला हक्क आहे; आम्ही ती न वाचताच घालवली. म्हणून कागद आला की चार गोष्टी पाहाव्यात : तो कोणत्या तारखेचा आहे, कोणते कलम आहे, नोटीस आहे की हुकूम आणि उत्तराची मुदत किती आहे. त्यानंतर सल्लागाराकडे जावे, आणि तो जे उत्तर पाठवील त्याची प्रत मागून घ्यावी.

परवाना, मंजुरी, मुदत, हुकूम, जप्ती, रद्द, दाखला हे मराठी कचेरीतले शब्द फारसी-अरबीतूनच आले आहेत. उर्दू शाळेत शिकलेल्याला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. इंग्रजी शब्दापुढे यातला एक लिहिला की अर्धी भीती जाते. वही दहा रुपयांची पुरते. आमच्यासारखी आधी लग्नसराई घालवायची गरज नाही.