समुद्राच्या पोटांतील लाटा

टेकडीवरून खालच्या शेताकडे पाहिलें असतां हिरव्या पिकांत एखादा अधिक गर्द पट्टा दृष्टीस पडतो. तेथें जमिनीखालीं ओल आहे, हें जाणता शेतकरी तेव्हांच ओळखतो. ओल त्यास दिसत नाहीं. तिची खूण दिसते. समुद्राच्या पोटांत चालणाऱ्या लाटा अवकाशांतून ओळखण्याची विद्या याच जातीची आहे.

समुद्राचें पाणी वरपासून तळापर्यंत एकसारखें नसतें. वर उन्हानें तापलेलें हलकें पाणी व खालीं थंड, जड पाणी असे थर असतात. बाटलींत अर्धें पाणी व अर्धें गोडें तेल भरून ती हळूच हालवावी, म्हणजे दोहोंच्या सीमेवर संथ पण मोठी लाट उठलेली दिसेल. समुद्रांतील थरांच्या वजनांत फरक याहूनही अल्प. म्हणून थोड्या जोरानेंच तेथील लाट फार उंच होते.

याचें उत्तम उदाहरण अंदमानचा समुद्र होय. भरती-ओहोटीचें पाणी तेथील बुडालेल्या डोंगररांगांवरून लोटतें तेव्हां थरांची सीमा खालवर होऊन लाटांचा समूह निघतो. ऑस्बोर्न व बर्च या शास्त्रज्ञांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत सुमारें ६० मीटर, म्हणजे जवळजवळ २०० फूट उंचीच्या लाटांचें वर्णन आहे. अशी लाट जातांना समुद्राचा पृष्ठभाग मात्र फारच थोडा उचलला जातो.

मग ती वरून दिसते कशी? लाटेबरोबर पृष्ठभागाचें पाणी कोठें एकत्र लोटतें, तर कोठें पांगतें. एकत्र लोटतें तेथें वाऱ्याच्या बारीक लहरी दाटून पाणी खरबरीत होतें. पांगतें तेथें गुळगुळीत राहतें. १९७५ सालीं अपोलो-सोयूझ यानांतून घेतलेल्या छायाचित्रांत असे पट्टे उमटले. १९७८ च्या सीसॅट उपग्रहानें रडार वापरलें. रडारास रात्र वा ढग आड येत नाहींत. त्याच्या चित्रांत खरबरीत पाणी उजळ व गुळगुळीत पाणी काळें दिसतें.

या चित्रावरून लाटेची गतीही काढतां येते. भरती सुमारें १२ तास २५ मिनिटांनीं येते. लागोपाठच्या दोन समूहांत १०० किलोमीटर अंतर असेल, तर वेग ताशीं सुमारें ८ किलोमीटर ठरतो. पाण्याच्या पोटांतील खरी उंची मात्र खोलवर सोडलेल्या उष्णतामापकांसारख्या उपकरणांनीं मोजतात.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. समुद्रांत वर प्रकाश असतो, पण खत थोडें. खालीं नत्र व स्फुरद विपुल, पण प्रकाश नाहीं. या लाटा उथळ जागीं फुटल्या म्हणजे दोन्ही पाणी मिसळतें, सूक्ष्म वनस्पती वाढतात व त्यांवर मासळी पोसते. सन २०१० मध्यें अंदमान समुद्रांतील प्रवाळ अति उष्णतेनें पांढरे पडले, तेव्हां या लाटांचें थंड पाणी जेथें पोंचत होतें तेथील प्रवाळ अधिक निभावले.

थरांच्या अशाच मिसळण्यानें समुद्राची उष्णता खालीं-वर होते, आणि आपला मोसमी पाऊस समुद्राच्या उष्णतेशीं बांधलेला आहे. म्हणून हवामानाचें गणित करणारांस या लाटाही जमेस धराव्या लागतात. आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्यानें समुद्राच्या या हालचालीचीही ओळख करून घ्यावी, हें योग्यच होय.