95 टक्के कशाचे?

तांबीवरचा (कॉपर-टीवरचा) हप्ता आज येणार होता, तो पुढच्या आठवड्यात येईल. गेल्या वेळी असुरक्षित संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीच्या 72 तासांचा उल्लेख झाला आणि त्यावर एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यातले दोन प्रश्न इतके नेमके आहेत की चार ओळींत उरकून पुढे जाणे बरे नव्हे. पाकिटावर 72 तास छापलेले असताना पहिल्याच दिवशी मेडिकल गाठण्याची घाई कशासाठी, हा एक. आणि गोळी 95 टक्के खात्रीची म्हणतात, म्हणजे ती घेणाऱ्या शंभरजणींपैकी पाचजणींना दिवस जातात का, हा दुसरा.

दुसरा आधी. पाचजणींना नाही. हे 95 टक्के गोळी घेणाऱ्या सगळ्या स्त्रियांचे नाहीत; गोळी घेतली नसती तर जितक्या गर्भधारणा झाल्या असत्या, त्यांपैकी किती टळल्या याचा तो हिशेब आहे.

बाहेर पडलेले स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते, शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून महिन्यात दिवस जाण्याची शक्यता असते ती सुमारे सहा दिवस. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शंभर स्त्रियांचा एकदाच असुरक्षित संबंध आला, तर साधारण आठजणींना दिवस जातात. उरलेल्या 92 जणींना गोळी न घेताही काही झाले नसते. ‘मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा लागू पडली’ असा मैत्रिणीचा अनुभव ऐकताना हे 92 लक्षात ठेवावेत. तिच्या बाबतीत काम गोळीने केले की तारखेने, हे तिलाही सांगता येणार नाही.

हे आकडे आले कुठून? या गोळीतल्या लिव्होनॉरजेस्ट्रेल या औषधाची मोठी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने केली आणि ती 1998 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी कॅनडाच्या अल्बर्ट युझ्पे यांची पद्धत रूढ होती. त्यात नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांतली दोन्ही संप्रेरके मोठ्या मात्रेत दिली जात आणि निम्म्या स्त्रियांना मळमळीने हैराण व्हावे लागे. चाचणीत एका गटाला ही जुनी पद्धत दिली, दुसऱ्याला लिव्होनॉरजेस्ट्रेल. काहीच औषध न दिलेला गट ठेवला नव्हता. घाबरून मदत मागायला आलेल्या स्त्रीला रिकाम्या हाती परत पाठवणे योग्य ठरले नसते. जुन्या पद्धतीच्या 979 स्त्रियांपैकी 31 जणींना दिवस गेले, लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या 976 पैकी फक्त 11 जणींना. औषध नसते तर प्रत्येक गटात सत्तरहून थोड्या अधिक गर्भधारणा झाल्या असत्या, असा अंदाज पाळीच्या तारखांवरून बांधलेला होता. त्यावरून लिव्होनॉरजेस्ट्रेलचे यश निघाले 85 टक्के. पत्रातले 95 टक्के आहेत ते पहिल्या 24 तासांत गोळी घेतलेल्या स्त्रियांचे. दुसऱ्या दिवशी 85 आणि तिसऱ्या दिवशी 58, अशी उतरण त्या चाचणीत दिसली.

हा सारा डोलारा स्त्रीने सांगितलेल्या तारखेवर उभा आहे, आणि तारीख चुकू शकते. चिलीत सँटियागोच्या गॅब्रिएला नोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारखेवर न विसंबता रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून बीज नेमके कधी सुटले ते शोधले. त्यांचा 2011 सालचा निबंध या विषयातला सर्वांत बोलका पुरावा आहे. बीज सुटण्याआधी गोळी घेतलेल्या 103 स्त्रियांमध्ये 16 गर्भधारणा अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात एकही झाली नाही. बीज सुटल्याच्या दिवशी किंवा नंतर गोळी घेतलेल्या 45 जणींमध्ये जवळपास नऊ अपेक्षित होत्या, आठ झाल्या.

म्हणजे एका बाजूला पूर्ण यश, दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य. सरासरीच्या आकड्यात हे दिसत नाही.

कारण गोळी एकच काम करते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एलएच नावाचे संप्रेरक एकदम उसळते आणि त्यानंतर दीड दिवसाच्या आत बीज सुटते. उसळी यायच्या आधी गोळी पोटात गेली तर ती उसळी दबते आणि बीज अडून राहते. उसळी सुरू झाली की गोळीच्या हाती काही उरत नाही. रुजलेला गर्भ ती पाडत नाही; गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या असतात आणि त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात. सणावाराला पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतात त्या गोळ्याही निराळ्याच.

आता घाईचा प्रश्न आपोआप सुटतो. आपले बीज उद्या सुटणार की परवा, हे कोणालाच आतून कळत नाही. तीन दिवस थांबणे म्हणजे त्या तीन दिवसांत ते सुटणार नाही अशी पैज लावणे. भारतात ही गोळी 2005 पासून चिठ्ठीविना मिळते आणि सरकारी योजनेतली आशाताईंकडेही असते. दुकान उघडे असेल तर सकाळची वाट पाहू नये.

गोळी बीज फक्त अडवते, यातूनच एक धोका उद्भवतो, ज्याबद्दल फार कमी बोलले जाते. अडवलेले बीज त्याच महिन्यात पुढे केव्हातरी सुटू शकते. गोळी घेतली, आता महिनाभर निर्धास्त, असे समजून पुन्हा असुरक्षित संबंध ठेवणाऱ्या स्त्रीला दिवस जाण्याची शक्यता चांगलीच असते. गोळी झालेल्या संबंधापुरती आहे. त्या पाळीत पुढे निरोध वापरलाच पाहिजे.

शरीराला होणारा त्रास तुलनेने सौम्य आहे: मळमळ, डोकेदुखी, थोडा अवेळी रक्तस्राव, पाळी काही दिवस मागेपुढे. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करावी. ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखू लागले तर तडक डॉक्टर गाठावा, कारण गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता तपासावी लागते. गोळीमुळे वंध्यत्व येते ही भीती निराधार आहे. मात्र दर महिन्याला तिच्यावरच भिस्त ठेवली तर पाळीचे वेळापत्रक विस्कटते, आणि रोजच्या गोळीइतके संरक्षणही मिळत नाही.

क्षयाचा उपचार चालू असलेल्या स्त्रियांनी मात्र विशेष सावध राहावे. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे यकृत गोळीतले औषध झपाट्याने मोडून टाकते आणि नेहमीची दीड मिलिग्रॅमची मात्रा अपुरी पडू शकते. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनचेही तसेच. ही औषधे बंद केल्यावरही महिनाभर हा परिणाम राहतो. अशा वेळी दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारावे. ते दुप्पट मात्रा सुचवतील किंवा पाच दिवसांच्या आत तांबी बसवतील. यकृत काय करते याच्याशी तांबीचा काही संबंध नाही, आणि ती हजारात एखाद्याच वेळी फसते. ती हे कसे साधते, ते पुढील हप्त्यात.